लोट्यातली सरकी

वामनराव गळ्यात शिट्टी अडकवून शेतावर आले, तेव्हाच मालूबाईने ओळखलं की हे वर्ष काही सरळ जायचं नाही.

वामनराव म्हणजे तिचे धाकटे दीर. बुऱ्हाणपुरातल्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून ते मार्चमध्ये निवृत्त झाले, आणि एप्रिल संपायच्या आत लालबागेतल्या घरात त्यांचा जीव घुसमटायला लागला. तेहतीस वर्षं पोरं समोर बसून ऐकायची, निदान बसायची तरी. घरात तेवढंही कोणी करेना. त्यांनी तोंड उघडलं की त्यांची बायको लीला टीव्हीचा आवाज वाढवायची. मग एके दिवशी त्यांना आठवलं की तापीपलीकडे जैनाबादला आपली चार एकर केळीची जमीन आहे, आणि तिच्यात निम्मा हिस्सा आपला आहे.

ती जमीन आजवर मालूबाईच बघत आली होती. नवरा होता तोवर त्याच्या बरोबरीने, आणि तो गेल्यावर गेली सहा वर्षं एकटीने. बघायची म्हणजे काय, तर सकाळी आठला चिंचेखाली पाण्याची कळशी ठेवायची आणि कामाला आलेल्या चौघांना विचारायचं, "हं, आज काय करायचं?" कौतिक एक सांगायचा, शोभा दुसरंच काढायची, धुरपदाबाई दोघांनाही वेड्यात काढायची आणि गोटू काहीच बोलायचा नाही. या गोंधळातून दहापर्यंत काम सुरू झालं तर तो दिवस चांगला.

वामनरावांनी हा प्रकार तीन दिवस सहन केला. चौथ्या दिवशी ते उसळले.

"वहिनी, शेत आहे की ग्रामसभा? जे देश झपाट्याने पुढे गेले ना, त्यांच्याकडे बघा. आधी एक डोकं लागतं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. पोटं भरली की मग द्या म्हणावं मतं, हवी तेवढी!"

"आपली पोटं तर भरताहेत, भाऊजी."

"भरताहेत, पण वाढ कुठे आहे?" असं म्हणताना त्यांचा हात नेमका स्वतःच्या पोटावर होता, त्यामुळे शोभाला तोंडावर ओढणी घ्यावी लागली.

शेवटी त्यांनी एक शर्यत काढली. आयुष्यभर पुस्तकांतून वाचलेली गोष्ट आता मातीत सिद्ध करायची त्यांना संधी होती. चार एकराचे दोन भाग करायचे. रोपं एकाच ठिकाणची, पाणी एकाच विहिरीचं, माणसंही तीच. अर्धा दिवस ती वामनरावांच्या, म्हणजे मजुरांच्या 'सरां'च्या, दोन एकरांत राबतील, अर्धा दिवस मालूबाईच्या. सरांकडे सरांचा हुकूम चालेल, मालूबाईकडे तिची ती ग्रामसभा. केळी कापली की दोन्हींकडचं वजन करायचं. ज्याचं वजन जास्त, पुढच्या वर्षापासून चारही एकर त्याच्या हाताखाली. दुसऱ्याने आपला अर्धा वाटा घ्यायचा आणि घरी आराम करायचा. हे सगळं त्यांनी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढलं आणि खाली आणखी एक कलम घातलं: कोणीही बांध ओलांडून दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही.

मालूबाईला नाही म्हणायची सोय नव्हती. निम्मी जमीन त्यांची होती, आणि मनात आणलं असतं तर त्यांनी ती उद्याच कुणाला ठेक्याने देऊन टाकली असती. तिने सही केली. घरी आल्यावर मात्र तिला कागदातला 'आराम' आठवला. आराम कसला? सकाळी आठला पाय आपोआप शेताकडे वळणार आणि आपण त्यांना उंबऱ्यात अडवून म्हणायचं, अरे, आता तिथे आपलं काही काम नाही? वाटा मिळाला काय आणि न मिळाला काय. तिला तिची सकाळ हवी होती.

जूनमध्ये टिशू कल्चरची रोपं लागली आणि शिट्टी वाजायला लागली. बरोबर आठला पहिली, दहाला पाणी पिण्याची, साडेबाराला सुट्टीची. पंपाच्या खोलीवर तक्ता लागला. कोणत्या दिवशी कोणतं खत, किती किलो, किती वाजता. आणि खोटं कशाला बोला, काम होत होतं. सरांच्या दोन एकरांत खत एक दिवसही चुकलं नाही. ओळी अशा सरळ की नजर ठरायची नाही.

इकडे मालूबाईची लोकशाही पहिल्याच सोमवारी आपटली, आणि तीही गंमत बघा कशी. तिने विचारलं, "युरिया या हप्त्यात द्यायचा का?" आणि स्वतःचा हात वर केला. चारही हात टपकन वर गेले. "पाणी एक दिवसाआड करायचं?" तिचा हात वर, चौघांचे वर. "की रोजच सोडायचं?" तिने जरा केस सावरायला हात उचलला, तर पुन्हा चार हात वर. तीन सोमवार हे असंच चाललं. पाची जणांचं इतकं एकमत तिने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मालूबाई खूश होती.

धुरपदाबाईने तिच्या खुशीवर पाणी ओतलं. धुरपदाबाई तिच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. दातांनी साथ सोडली होती, पण जिभेने नाही.

"बाई, ह्ये काय मत हाय का? सगळे तुमच्या हाताकडं पाहून हात वर करतात. काम तुमी देता, मजुरी तुमी देता, कोन कायले वाकडं जाईल?"

"मग काय करायचं म्हणता?"

"पंचायतीच्या विलेक्शनले कसं, पुठ्ठ्यामागं जाऊन बटन दाबतो. कोनाले दिसत नही. तसं काही तरी करा."

पुठ्ठा नव्हता, बटणही नव्हतं. घरात मका होता आणि म्हशीच्या खुराकातली सरकी होती. मालूबाईने पितळी लोटा आणला आणि त्याच्या तोंडावर फडकं बांधून हात जाईल एवढी फट ठेवली. मका म्हणजे हो, सरकी म्हणजे नाही. प्रत्येकाने दोन्ही मुठीत घ्यायचे, एक आत टाकायचा आणि दुसरा खिशात किंवा कमरेला. कोणी कोणाला विचारायचं नाही. लोट्यातून निघेल ते शेवटचं.

लोट्यासमोर पहिला विषय आला काकडीचा. केळी लहान आहेत तोवर मधल्या जागेत काकडी घ्यायची, दोन महिन्यांत हातात पैसा. मालूबाईच्या डोक्यात हे मेपासून घोळत होतं. बांधापलीकडे सरांनी एका शिट्टीत काकडी लावूनही टाकली होती. धुरपदाबाई म्हणाली, काकडीत बारीक किडा येतो, तो केळीचा सत्यानाश करतो, मी तुकईथडला एका बागेत पाहिलंय. कौतिक म्हणाला, काकडी नको, मूग लावू. शोभा म्हणाली, मूग कोण तोडणार, माझी कमर गेली. लोटा उलटा केला, तर एक मका आणि चार सरक्या.

मालूबाईचं डोकंच फिरलं. "कोणाच्या या सरक्या? माझ्याच शेतात मलाच नाही म्हणता?"

चिंचेखाली एकदम शांत झालं. गोटू तर आधीच शांत होता, तो आणखी शांत झाला. धुरपदाबाईने लोटा तिच्या हातातून काढून घेतला.

"इचारायचंच होतं, तं हातच वर करत बसलो असतो ना, बाई."

मालूबाईचे कान लाल झाले. पण पुन्हा तिने तसं विचारलं नाही, हेही खरं. मग मुगावर मत घेतलं, तर तो पडला. उडदावर घेतलं, तोही पडला. शेवटी एकमत झालं नाही म्हणून मधल्या जागेत काहीच लागलं नाही आणि ती तशीच उघडी राहिली. वामनराव बांधावरून ती उघडी जमीन बघून हसायचे. सल्ला द्यायचा नव्हता, पण हसायला कलमाची आडकाठी नव्हती.

जुलैत खताचं असंच झालं. दोन मका, दोन सरक्या आणि गोटू तापाने घरी. बरोबरी झाली तर विषय पुढच्या सोमवारी, असा नियम मालूबाईनेच केला होता. पुढच्या सोमवारी शोभाची नणंद बाळंत झाली, शोभा आली नाही आणि पुन्हा बरोबरी. दोन हप्ते खत लांबलं, आणि सरांची झाडं मालूबाईच्या झाडांपेक्षा वीतभर वर गेली. वामनरावांनी एका स्थानिक पेपरात लेख लिहिला, 'दोन एकरांचा धडा'. त्याच्या चार प्रती मुद्दाम पंपाच्या खोलीत ठेवल्या. कौतिकने त्यात भाकरी बांधून नेली.

त्याच महिन्यात एक छोटी गोष्ट घडली. मालूबाईने ती बांधाअलीकडून ऐकली. धुरपदाबाई सरांना सांगत होती, "सर, खालच्या नऊ ओळींत पाणी पोचत नही. नळी चोंदली वाटते."

सरांच्या हातात घड्याळ होतं आणि पाणी पिण्याच्या सुट्टीला चार मिनिटं होती. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "धुरपदाबाई, तुमचं काम हातांचं. डोकं माझ्याकडे ठेवा."

नळी खरंच चोंदली होती. सरांनी ती तीन दिवसांनी स्वतःच शोधून साफ केली आणि त्या शोधाबद्दल स्वतःचं कौतुकही केलं. धुरपदाबाई त्या दिवसापासून सरांच्या शेतात फक्त "हो सर" एवढंच बोलत होती. दुपारी इकडे आली की तिचं तोंड पुन्हा सुरू व्हायचं, सकाळची उधारी वसूल करत असल्यासारखं.

ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी ती बसता बसता म्हणाली, "बाई, आपल्या बांधाकडच्या ओळीत पानांवर पिवळे पट्टे पडले. बावीस झाडं मोजली. आजची आज उपटून जाळा, नही तं गेली बाग."

मत घेतलं, पाच मका. चारपर्यंत बावीस झाडं मुळासकट बाहेर आली. मालूबाईचा हात मातीत होता आणि डोक्यात काकडी होती. माझं एकटीचं चाललं असतं, तर इथेही काकडी लागली असती, आणि बावीसवर भागलं नसतं.

"आणि सरांकडे?" तिने विचारलं.

"सरांकडं?" धुरपदाबाईने हात झटकले. "तिकडं तं पंधरा दिवस झाले. दीडशेच्या वर असतील."

"पंधरा दिवस! आणि सांगितलं नाही?"

"मी काय सांगू? माझं काम हातांचं."

मालूबाई उठलीच. "मी सांगून येते."

"थांबा काकी," कौतिक म्हणाला. "कागदावर तुमची सही हाय. बांध वलांडून सल्ला देयाचा नही."

"अरे, रोग आलाय! सल्ला कसला?"

"तरी मत घ्या ना," शोभा म्हणाली. "आणि खरं सांगू का काकी, सर को बता दिया तो अपन हार जायेंगे. त्यांची झाडं मोठी हायेत. नही सांगितलं, तं आपण जिंकलो. सिंपल है."

"आणि तो किडा बांध ओलांडून इकडे येईल, त्याचं काय?"

"आपण रोज पाहू, रोज उपटू," कौतिक म्हणाला. "त्यायले कोन सांगते? त्यायनं आमाले शिट्टीवर नाचवलं."

लोटा फिरला. दोन मका, तीन सरक्या. सरांना सांगायचं नाही.

मालूबाई लोट्याकडे बघत बसली. आणि लपवायचं कशाला, तिच्या मनाचा एक कोपरा खुशीत आला होता. तू तर मका टाकलास, तो कोपरा म्हणत होता, तुझ्यावर पाप नाही. पाची जणांचा निर्णय आहे. शेत वाचलं, सकाळ वाचली, गप बस. त्या कोपऱ्याची तिला इतकी लाज वाटली की तिने पदराने तोंड पुसलं.

सरळ बांधावरून गेली असती तर तिला कोण अडवणार होतं? पण मग लोट्याचं काय राहिलं असतं? पुढच्या सोमवारी धुरपदाबाई दाणा टाकताना मनात म्हणाली असती, बाईले पटलं तं मोजायचं, नही पटलं तं नही. मग त्यापेक्षा भाऊजींची शिट्टी काय वाईट? ती निदान ऐकू तरी येते.

तिने लोटा सरळ करून ठेवला. मग तिने विचारलं, "ज्याच्या शेताचं मत घेतोय, त्याचं मत कुठे आहे?"

"मतलब?" शोभा म्हणाली.

"आपण भाऊजींच्या दोन एकरांबद्दल ठरवलं. आपल्या शेताचं ठरवताना आपण सगळे असतो. मग त्यांच्या शेताचं ठरवताना ते नकोत?"

"मंग त्या किड्यांलेबी बोलवा," कौतिक कुरकुरला. पण धुरपदाबाईने होकारार्थी मान हलवली.

वामनराव पंपाच्या खोलीत चहा पीत बसले होते. मालूबाईने बांधाच्या अलीकडे उभं राहून हाक मारली. कलम अजून शाबूत होतं.

"भाऊजी, मत द्यायला या!"

"मी? मी असल्या गोष्टीत पडत नाही."

"एकच दाणा टाकायचाय."

माणूस अर्थशास्त्राचा असला तरी उत्सुकता कोणाला सुटलीय? ते आले. खुर्ची शोधली, ती नव्हती. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत ते चिंचेखाली मातीत बसले. मालूबाईने त्यांच्या एका हातात मका दिला आणि दुसऱ्यात सरकी.

"विषय काय?" त्यांनी विचारलं.

"एक गोष्ट तुम्हाला सांगायची की नाही."

"कोणती गोष्ट?"

"तेच तर ठरायचंय, भाऊजी. सांगायची असेल तर मका, नसेल तर सरकी."

वामनरावांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी नजर देईना. त्यांनी मका टाकला. लोटा उलटा केला, तर तीन मका आणि तीन सरक्या.

"बरोबरी," कौतिक म्हणाला. "पुढच्या सोमवारी."

"म्हणजे काय? अहो, काय आहे ते सांगा ना!"

"नियम हाय सर."

"असला कसला नियम? माझ्या शेताबद्दल आहे ना? मग मला कळायला नको?" वामनरावांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. मातीत मांडी घालून बसलेल्या माणसाला फार चढवता येत नाही. ते धुरपदाबाईकडे वळले. "धुरपदाबाई, तुम्ही सकाळी माझ्याकडेच होतात. तेव्हाच का नाही बोललात? मी काही म्हटलं का तुम्हाला?"

"म्हटलं ना."

"काय?"

"नळी चोंदली होती तव्हा. तुमचं काम हातांचं म्हणे, डोकं माझ्याकडं ठेवा." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "मंग ठेवलं. पंधरा दिवस झाले, तिथंच ठेवलं हाय."

वामनरावांना ते आठवलं. कसं आठवणार नाही, तेहतीस वर्षं ते हेच वाक्य थोडं फिरवून वर्गात म्हणत आले होते, आणि पोरं हसायची. इथे कोणी हसलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, कारण नसताना पुसला, परत घातला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चुकलं."

धुरपदाबाईने लोटा पुढे ओढला. "पुन्हा मत घ्या. माझा दाना बदलायचा हाय."

या खेपेला पाच मका निघाले आणि एक सरकी. ती कोणाची हे कोणी विचारलं नाही, तरी कौतिक उगाचच चिंचेच्या शेंड्याकडे बघत होता.

ऐकल्यावर वामनराव जे धावले, ते त्या वयाच्या माणसाने धावू नये असे धावले. एकशे नव्वद झाडं गेली. काकडीचे वेल त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून काढले. उपटायला पाची जण त्यांच्याबरोबर होते, आणि मालूबाई पहिल्यांदा बांध ओलांडून गेली, कलम गेलं खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. तक्ता मात्र राहिला, फक्त त्याच्या खाली 'सूचना' म्हणून एक रकाना आला. धुरपदाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती सूचना ओरडून सांगायची, आणि सर त्या रकान्यात लिहून घ्यायचे.

पुढच्या जूनमध्ये केळी कापली. घड उतरत गेले, काटा हलत गेला, वामनराव लिहीत गेले. झाडं त्यांची कमी, पण घड भारी. वेळेवर पडलेलं खत खोटं बोलत नाही. शेवटचा घड काट्यावरून उतरला तेव्हा दोघांच्या वजनात साडेसहा क्विंटलचा फरक होता. वामनराव जिंकले होते.

ते मिठाईच्या दुकानातून दराबा घेऊन आले. सगळ्यांना दिला. मालूबाईनेही घेतला, पण तो तिने गोटूच्या हातावर ठेवला.

"बोली थी ना मैं," शोभा तिच्या कानाशी म्हणाली. "नसतं सांगितलं तं त्यांची निम्मी बाग गेली असती. आपणच जिंकलो असतो."

"हो गं," मालूबाई म्हणाली. शोभाचं म्हणणं खरंच होतं. त्या दिवशी गप्प राहिली असती, तर आज हा दराबा तिने वाटला असता. पुन्हा तशीच वेळ आली तर? तरी बोलावलं असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही घरी जाताना वाटेत तिचे डोळे भरून आले. चांगलं वागलं म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

सोमवारी सकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली. आज तिथे आपलं काही काम नाही, तिने पायांना सांगितलं. पायांनी ऐकलं नाही. पाण्याची कळशी तर पोचवायला हवी, असं कारण काढून ती कळशी घेऊन निघाली.

चिंचेजवळ स्कूटर उभी होती. वामनराव मातीत बसले होते, या वेळी कण्हण्याचं काम आधीच उरकलेलं. समोर पितळी लोटा होता, त्यावर फडकं बांधलेलं, जरा वेडंवाकडं. चौघं गोल करून बसले होते.

"या वहिनी, दहा मिनिटं उशीर," ते म्हणाले. खिशातून तो फुलस्केप कागद काढून त्यांनी उलगडला. "मी जिंकलो. तेव्हा माझा हुकूम असा..."

"सर," कौतिक म्हणाला, "हुकूम नही. मत."

वामनरावांनी तोंड उघडलं, मिटलं. कागदाची घडी घातली. "बरं. मग माझं म्हणणं असं. चारही एकर वहिनींनी बघावं. खताचा तक्ता मी करेन, आणि तो कोणाच्या बाळंतपणासाठी लांबणार नाही. बाकी सगळं दर सोमवारी या लोट्यात. माझं एक मत. कोणाला काय वाटतं?"

मालूबाईने कळशी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले. पुसताना कोणी बघतंय याचीही तिला पर्वा नव्हती.

दाणे वाटले गेले. एकेक हात फडक्याच्या फटीत गेला. मालूबाईची पाळी शेवटची होती. तिने दोन्ही दाणे मुठीत घेतले, भाऊजींच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि एक दाणा आत सोडला.

लोटा वामनरावांनीच उलटा केला. पाच मका निघाले, आणि सगळ्यांत शेवटी एक सरकी घरंगळत त्यांच्या पायाशी आली.

सगळे कौतिककडे बघायला लागले. "आईशप्पथ, मी नही!" कौतिक ओरडला.

वामनरावांनी सरकी उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला. भुवया वर गेल्या. एवढं मन मोठं करून आपण बोललो आणि तरीही नाही? प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आला होता, मालूबाईला तो नीट दिसत होता, कारण तो तिच्या स्वतःच्या ओठांवरून एकदा सुटला होता. ते विचारतात का, एवढंच तिला बघायचं होतं. तिच्या मुठीत न टाकलेला मका घामाने ओला झाला होता.

वामनरावांनी सरकी बोटांत एकदा फिरवली. मग ती पाच मक्यांच्या शेजारी ठेवून दिली.

"पाच विरुद्ध एक," ते म्हणाले. "ठरलं. पुढचा विषय काय?"

मालूबाईने मुठीतला मका हळूच कमरेला खोचला. "पुढचा विषय," ती म्हणाली, "खालच्या नऊ ओळींची नळी. ती बदलायचीय, भाऊजी."